भिंतीला पदर

आमच्या बचत गटाच्या खोलीमागे एक भिंत आहे. सिमेंटच्या ठोकळ्यांची, गिलावा नसलेली. सांध्यांतून ओघळलेला माल तसाच वाळून बसलाय. वर कुणीतरी फुटक्या बाटल्यांच्या काचा रोवल्यात. त्या भिंतीपुढे आमची परसबाग आहे: वांगी, मिरच्या, एक शेवगा, आळूचा वाफा, तुळस. भाजी चांगली येते, पण भिंतीकडे बघवत नाही. खोलीत पाहुणे आले की आम्ही त्यांना भिंतीकडे पाठ करून बसवतो.

उन्हाळ्यात एकदा विषय निघाला की ही भिंत झाकून टाकायची. एक म्हणाली, रंग देऊ. दुसरी म्हणाली, जालन्याच्या बाजारात प्लॅस्टिकच्या हिरव्या पानांचे पट्टे मिळतात, ते ठोकू. तिसरी म्हणाली, वाढदिवसाचं एखादं जुनं फ्लेक्स आणून टांगू, फुकटात काम होईल. फ्लेक्सचं नाव निघाल्यावर मात्र आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या मावशी बोलल्या, "फ्लेक्स नका लावू. मागचं इसरल्या का?"

आम्ही विसरलो नव्हतो, फक्त बोलत नव्हतो. या ठोकळ्यांच्या जागी पूर्वी पांढऱ्या मातीची जुनी भिंत होती. तिच्यावर एक मोठं फ्लेक्स टांगलेलं होतं, दोन वर्षं तसंच. मागे भिंत फुगत चालली होती, ते कुणाला दिसलं नाही. भाद्रपदातल्या झडीत ती एका पहाटे बसली. अंगणवाडीची लेकरं रोज सकाळी तिथेच हात धुवायला यायची. त्या दिवशी रविवार होता, म्हणून आज आम्ही हे सांगायला बसू शकतो. ढिगाऱ्यावर ते फ्लेक्स पडलेलं होतं आणि त्यावरचा चेहरा तसाच हसत होता.

म्हणून आजच्या भागात भिंत झाकण्याचा आपल्या भागातला इतिहास सांगायचा आहे. वाटतो त्यापेक्षा तो बराच जुना आहे.

आपल्याकडे गावाच्या जमिनीला दोन नावं. काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे गावठाण. पांढरीला पांढरी का म्हणायचं, तर पिढ्यान्‌पिढ्या तिथे घरं उभी राहिली, पडली, चुलीची राख पडली, त्याच मातीची पुन्हा घरं झाली. भिंत पडायची, तिची माती भिजवायची आणि त्यातून नवी भिंत उठवायची. जुनी गावं जिथे उजाड झाली, तिथे पांढऱ्या मातीची टेकाडं राहिली. पुराणवस्तू शोधणारे लोक अशा टेकाडांवरूनच जुनं गाव ओळखतात. आपल्या जिल्ह्यातलं भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. १९७३-७४ च्या सुमारास तिथे उत्खनन झालं आणि सातवाहनांच्या काळातली भरली वस्ती पांढरीखालून निघाली. भोगवर्धनच्या माणसांची नावं पार सांचीच्या दानलेखांत आहेत. सांचीला गेलात तर स्तूपाभोवतीचं दगडी कुंपण नीट बघा. दगडच आहे, पण घडवलाय लाकडी कुंपणासारखा. उभे खांब, त्यांत घुसवलेल्या आडव्या पट्ट्या, अगदी सुतारकाम वाटावं असं. तिथल्या दुसऱ्या एका स्तूपाच्या कुंपणावर तर कमळं, वेली आणि जनावरं कोरलेली आहेत. कुंपण नुसतं कुंपण म्हणून ठेवू नये, त्याला सजवावं, ही हौस दोन हजार वर्षांची तरी आहे.

आता आपल्या आजीच्या भिंतीकडे येऊ. पांढरी माती आणायची, पाणी घालून तुडवायची, त्यात गव्हाचं काड किंवा भुसा मिसळायचा आणि मुरू द्यायची. मग थरावर थर. एक थर सुकल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही. भिंत दीड-दोन हात रुंद. वर सागाच्या तुळया, त्यावर माळवद, माळवदावर खारी माती. उन्हाळ्यात आत गारवा आणि थंडीत ऊब. पण ही भिंत उघडी ठेवली तर पावसाने झिजते, म्हणून तिला कायम काहीतरी पांघरायला लागायचं. ते पांघरूण घालायचं काम बायांचं होतं. शेणमातीचं सारवण, पांढऱ्या मातीचं पोतारणं, खाली गेरूचा पट्टा, दिवाळी-दसऱ्याला चुन्याची बोटं. अजिंठ्याची चित्रंसुद्धा याच रीतीच्या अंगावर काढलेली आहेत. तिथल्या खडकावर आधी मातीचा लेप आहे, त्यात भाताचा तूस, गवत आणि झाडांचे तंतू मिसळलेले आहेत, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. अजिंठा आपल्या भोकरदनपासून काही फार लांब नाही. तो लेप कालवणाऱ्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. आपल्या आज्यांचीही नाहीत.

सारवणाचं कौतुक करताना एक गोष्ट लपवायची नाही. ते कष्टाचं काम होतं. कंबर मोडायची, बोटांना भेगा पडायच्या, आणि त्याला कुणी काम म्हणत नव्हतं. पण त्यात एक गुण होता. वर्षातून दोन-चार वेळा बाईचा तळहात भिंतीच्या इंचाइंचावरून फिरायचा. कुठे पोकळ वाजतंय, कुठे ओल धरलीय, कुठे वाळवीची रेघ चढलीय, कुठे उंदराने बीळ केलंय, हे हाताला कळायचं. सासूबाई नुसत्या वासावरून सांगायच्या की इथे पाणी मुरतंय. म्हणजे पांघरूण घालता घालता तपासणीही होत होती. आमच्या पडलेल्या भिंतीवर फ्लेक्स टांगलं त्या दिवसापासून ती तपासणी थांबली होती.

मातीच्या भिंतीच्या पुढे कूड असायचा. तुरीचं पीक निघालं की तुराट्या, कापूस निघाला की पळाट्या. त्यांच्या ताट्या बांधायच्या आणि उभ्या करायच्या. न्हाणीला आडोसा म्हणून ताटी, गोठ्याला ताटी, परसातल्या उकिरड्यापुढेही ताटी. पावसाळ्यात त्यावर दोडका, गिलकं, कारलं, घेवडा चढवायचा. श्रावणात ती ताटी दिसायचीच नाही, नुसती पिवळी फुलं दिसायची. आज शहरातली दुकानं "डेकोरेटिव्ह पॅनेल" म्हणून बांबूच्या ज्या चौकटी विकतात, त्यांची थोरली बहीण आपली तुराट्यांची ताटी. आम्ही किंमत विचारली आणि परत ठेवून दिलं.

कुंपणाचा विषय निघालाच आहे, तर आपल्या घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावचं नाव घ्यायला हवं. समर्थ रामदास १६०८ साली तिथे जन्मले. त्यांचं "बाग प्रकरण" नावाचं एक छोटं काव्य आहे, ज्यात बागेत लावायच्या झाडाझुडपांची लांबच लांब यादी आहे. ती यादी गुलाब-मोगऱ्यापासून सुरू होत नाही. सुरुवातीला येतात काटेरी झाडं. बाग करायची तर आधी काठ राखा, फुलं नंतर, असं त्यातून आम्हाला तरी दिसतं. शेळ्या ज्यांनी बघितल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मोठ्या लोकांच्या भिंतींची गोष्ट वेगळी. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी शाळेच्या सहलीत पाहिला असेल. बादशहाची बेगम दिलरस बानू हिच्यासाठी तो सतराव्या शतकात बांधला. दारावरच्या पितळी पत्र्यावर अताउल्ला हा रचनाकार आणि हंसपतराय हा अभियंता अशी नावं आहेत. लांबून तो सगळा संगमरवरी वाटतो, पण तसा तो नाही. खाली कमरेएवढ्या उंचीपर्यंत संगमरवर आहे आणि वर घुमट संगमरवरी आहे. मधला मोठा भाग आपल्याच काळ्या दगडाचा आहे. त्यावर चुन्याचा बारीक गिलावा देऊन, घोटून घोटून, फुलापानांची नक्षी उठवली आहे. खर्च ६ लाख ६८ हजार २०३ रुपये ७ आणे झाला, असं जुन्या नोंदीत आहे. ताजमहालाच्या मानाने फारच थोडा. पैसा कमी पडला तेव्हा काळ्या दगडाला पांढरा पदर घेतला, असं म्हणायला हरकत नाही. आम्हाला यात काही कमीपणा वाटत नाही. घर चालवणाऱ्या बाईला हा हिशेब लगेच कळतो.

पण तिथे गेल्यावर सगळे घुमटाकडेच बघतात, बागेच्या भिंतीकडे कुणी बघत नाही. भिंत भली लांब आहे. साडेचारशे मीटरच्या वर एक बाजू, पावणेतीनशे मीटर दुसरी. एवढी सपाट भिंत डोळ्यांना खुपली असती. म्हणून कारागिरांनी तिला कमानींच्या उथळ कोनाड्यांत तोडलं, दोन कोनाड्यांमध्ये चपटे खांब काढले, खांबांच्या डोक्यावर छोटे मिनार बसवले आणि ठरावीक अंतरावर बुरूज दिले. दारापासून कबरीकडे जाणाऱ्या वाटेला जाळ्यांचे आडपडदे आहेत. जाळीतून वारा जातो, ऊन तुकड्यातुकड्याने पडतं, मागची बाग दिसते आणि तरी आडोसा राहतो. इथे भिंतीपुढे काही टांगलेलं नाही. भिंतीचंच अंग नक्षीचं केलं आहे. पुढे केरळात लॉरी बेकर या वास्तुकाराने साध्या विटा एकाआड एक सोडून जाळीच्या भिंती बांधल्या, त्यातही विचार हाच होता. विटा कमी, हवा जास्त, आणि वर झाकायची गरजच नाही. नवं कुंपण बांधायचं असेल तर हे आधीच गवंड्याला सांगावं. आमची वेळ निघून गेली होती.

आता जालना शहरात येऊ. कुंडलिकेच्या काठचं हे शहर फळबागांसाठी जुन्या काळापासून नावाजलेलं. इथली फळं हैदराबाद-मुंबईला जात. १८२७ साली इथे निजामाच्या हैदराबाद कंटिन्जंट फौजेची छावणी बसली आणि १९०३ पर्यंत राहिली. छावणीत साहेबांचे बंगले आणि बंगल्यांपुढे बागा. उन्हाळ्यात दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावायच्या आणि त्यावर पाणी मारायला माणूस ठेवायचा, ही त्या काळच्या छावण्यांतली रीत. ताटी आपलीच, पाणी मारणारा माणूसही आपलाच, गारवा तेवढा साहेबाचा.

इंग्रजांच्या अमलात शोभेची बरीच झाडं परदेशातून देशभर पसरली. कुंपणाला घाणेरी लावली, कारण तिची लाल-पिवळी फुलं छान दिसतात. ती कुंपणात राहिली नाही. गायरानात, डोंगरात, जंगलात घुसली आणि आज उपटून उपटून माणसं थकली. भिंत झाकण्यासाठी काय लावतोय याचा विचार न केल्याची शिक्षा आपण दोनशे वर्षं भोगतोय.

बोगनवेलीची कथा मात्र ऐकण्यासारखी आहे. तिची कागदासारखी गुलाबी फुलं खरं तर फुलं नाहीत, रंगीत पानं आहेत. खरं फूल आत, इवलंसं, पांढरट. १७६६ साली फ्रान्सहून जगप्रदक्षिणेला जहाजं निघाली. कप्तानाचं नाव बूगनव्हील. बरोबर कॉमर्सन नावाचा वनस्पतींचा जाणकार आणि त्याचा एक मदतनीस. हा मदतनीस म्हणजे पुरुषाच्या वेषातली बाई होती, झान बारे. फ्रान्सच्या नौदलाच्या जहाजावर बायांना बंदी होती, म्हणून तिने स्वतःलाच झाकून घेतलं. १७६७ साली जहाज ब्राझीलच्या किनाऱ्याला लागलं. कॉमर्सनचा पाय दुखावला होता, त्यामुळे झाडं गोळा करत हिंडण्याचं बरंचसं काम बारेनेच केलं. ही वेल प्रत्यक्षात तिच्याच हाती लागली असावी, असं काही अभ्यासक मानतात. वेलीला नाव मिळालं कप्तानाचं. बारे पुढे फ्रान्सला परतली आणि जगाला फेरी मारणारी पहिली बाई ठरली. तिच्या नावाची वनस्पती व्हायला २०१२ साल उजाडलं. तीही बोगनवेल नव्हे, वांग्या-बटाट्याच्या कुळातली एक वेल. आमच्या वांग्याच्या वाफ्यात उभं राहून आम्ही ही गोष्ट एकमेकींना सांगितली तेव्हा खूप हसू आलं, आणि मग थोडा रागही आला.

या सगळ्यात आपली मातीची भिंत गेली कुठे? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्यातल्या मोठ्या बायांना नीट आठवते. गणपती विसर्जनाची रात्र संपत होती. किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. पुष्कळशी झोपेतच, आपल्याच घराच्या भिंतींखाली. त्या भिंती दगडाच्या होत्या, मातीत रचलेल्या, रुंद. दोन्ही बाजूंनी तोंडाचे दगड आणि मध्ये बारीक दगडांची भरती. दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारे आरपार दगड नसले की पाणी मुरून मुरून तोंडं बाहेर फुगतात. वरून गिलावा असला की हे दिसत नाही. त्यावर माळवदाच्या मातीचं ओझं. एका धक्क्यात सगळं खाली आलं.

त्यानंतर आपल्याकडेही मातीच्या भिंतीची धास्ती बसली. ज्याच्या हाती पैसा आला त्याने ठोकळे आणले, पत्रे आणले. दोष देता येत नाही. पण ठोकळ्यापर्यंत पैसा पुरला आणि गिलाव्यापर्यंत संपला, अशी अर्धी कामं गावोगाव राहिली. आमची भिंत त्यातलीच. तिच्याकडे बघून नाक मुरडणं सोपं आहे, पण ती कुणाच्या अंगावर पडली नाही, हेही तिच्या बाजूने सांगायला हवं. आणि काही घरांत उलटा घोळ झाला. जुन्या पांढऱ्या मातीच्या भिंतीवरच सिमेंटचा गिलावा चढवला. माती ओल घेते आणि सोडते, सिमेंट ती बाहेर सोडू देत नाही. आतल्या आत माती भुसभुशीत होते आणि बाहेरून भिंत चकचकीत दिसते. असा गिलावा तुमच्या घरी असेल तर बोटाने वाजवून बघा. पोकळ वाजला तर तिथे पलंग ठेवू नका आणि गवंड्याला बोलवा.

एवढं बोलणं झाल्यावर मग आम्ही कामाला लागलो. जालना म्हणजे सळयांचं गाव. भंगारवाल्याकडे सळयांचे तुकडे किलोवर मिळतात. त्यांच्या चार चौकटी जोडून घेतल्या आणि भिंतीपासून हातभर पुढे, जमिनीत रोवून उभ्या केल्या. भिंतीला एकही खिळा मारला नाही. चौकटींवर तुराट्यांच्या ताट्या सुतळीने बांधल्या, गाठी अशा की एका ओढीत सुटाव्यात. ताट्यांचं खालचं टोक जमिनीपासून चार बोटं वर ठेवलं, नाहीतर वाळवी लगेच चढते. तुराट्या दोन वर्षं टिकतील, मग चुलीत जातील. दर संक्रांतीच्या सुमारास नव्या तुराट्या कुणाच्या ना कुणाच्या शेतात पडलेल्याच असतात.

झाडांवरून मात्र आमची भांडणं झाली. भिंतीवर एकाखाली एक कुंड्या टांगायच्या असा एकीचा हट्ट होता, मोबाईलवर तसं फार सुंदर दिसतं. पण टांगलेली कुंडी दोन मुठी मातीची. वैशाखात तिला दिवसातून दोनदा पाणी लागतं. २०१२-१३ चा दुष्काळ आपण पाहिला. मोसंबीच्या वाढलेल्या बागा वाळून सरपण झाल्या आणि जालना शहर टँकरकडे डोळे लावून बसलं होतं. त्या गावात भिंतीच्या शोभेसाठी घागरभर पाणी ओतायला हात धजत नाही. शेवटी ठरलं की झाडं जमिनीतच लावायची आणि लेकरांच्या हात धुण्याचं पाणी चारीने तिकडे वळवायचं. पावसाळ्यात दोडका, गिलकं आणि वालाची शेंग. बारमाही म्हणून गोकर्ण आणि मधुमालती. एका कोपऱ्यात कडुनिंबावर गुळवेल. बोगनवेल लावली, पण लेकरांच्या वाटेपासून दूर, रस्त्याच्या कडेला, कारण काटे. तिला आम्ही "बारेची वेल" म्हणतो. भिंतीच्या सांध्यात पिंपळाचं रोप दिसलं की दोन पानांवर असतानाच उपटायचं, हे मावशींनी स्वतःकडे घेतलं आहे.

कुणाची ताटी कुठे हे ठरवून घेतलंय. अमावास्येला ज्या दोघींची पाळी, त्यांनी गाठी सोडायच्या, ताटी बाजूला करायची, आत शिरून भिंतीवरून हात फिरवायचा आणि वहीत लिहायचं. जून-जुलैत काही निघालं नाही. नारळी पौर्णिमेनंतरच्या फेरीत शेवगा आहे त्या बाजूला, खालून तिसऱ्या थरात, एक आडवी चीर सापडली. बोटाचं नख जाईल एवढी. शेवग्याचं मूळ असावं असं आमचं म्हणणं, पाणी साचतंय असं मावशींचं. गवंडीदादा सोमवारी बघायला येणार आहेत. तोवर त्या बाजूला दोरी बांधली आहे आणि हात धुण्याची बादली दुसऱ्या टोकाला नेली आहे.

दोडक्याचं बी यंदा भरपूर निघालंय. ज्यांना हवं असेल त्यांनी शनिवारी येताना कागदाची पुडी घेऊन यावी.